मधल्या गळांवरचे मासे

नेरुळ,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

चि. अक्षतास,
जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

तू मॉरिशसला पोचून जहाजावर चढलीस, हे अंकुशने सांगितलं. हा तुझा बाप विमानतळावरून घरी येईपर्यंत रडला आणि घरी आल्यावर तीन वाट्या आमटी प्यायला. तेव्हा त्याची काळजी करू नकोस.

जहाजावरून आठवड्यातून एकदाच, रविवारी, आणि नुसता मजकूर जातो. फोटो नाही, फोन नाही, असं तू म्हणालीस. उत्तम. फोनवर माणसं काहीही बोलतात, लिहिताना विचार करावा लागतो. पाण्याचं वर्णन दोन ओळींत आटप आणि कामाचं लिही: गळ किती, खोली किती, मासा कोणता, लांबी किती. मत्स्य सर्वेक्षणाच्या कचेरीत अडतीस वर्षं मी याच आकड्यांचे तक्ते केले आहेत. मला समजेल.

काल सोसायटीच्या जिन्यात अंकुश कोणाला तरी सांगत होता, "आमच्या मर्चंड्यांत समुद्रावर नोकरीला गेलेली पहिली बाई." मी भाजीची पिशवी घेऊन त्याच्या मागेच उभी होते. त्याचं बरोबर आहे. पहिली तूच.

ओव्याची पुरचुंडी बॅगेच्या डाव्या कप्प्यात आहे.

तुझी आत्या,
वेणू


हिंदी महासागर, ११ अंश दक्षिण
रविवार, ९ मार्च

आत्या,
जय भीम.

मागच्या रविवारी लिहिलं नाही, कारण उशीवरून डोकं उचलत नव्हतं. ओवा संपला. आता ठीक आहे.

आधी कामाचं, नाहीतर तू पुढे वाचणार नाहीस. पहाटे दोरी सोडायला घेतात. एकच दोरी, पण नेरुळहून ताणली तर पुण्याला पोचेल. तिला सव्वीसशे गळ. थोड्याथोड्या अंतरावर बोया बांधतात, दोन बोयांच्या मध्ये पंधरा गळ. दोरी मध्ये झोळीसारखी खाली जाते. त्यामुळे कडेचे गळ वरच्या पाण्यात आणि सातवा, आठवा, नववा सगळ्यात खोल, तीनशे मीटरवर. दुपारनंतर ओढायला घेतात. माझं काम एवढंच की प्रत्येक मासा कितव्या गळावर आला, कोणता, किती लांब, हे लिहायचं. मुख्य मासा कुपा, इथे सगळे ट्यूना म्हणतात. त्याचे दोन प्रकार, येलोफिन आणि बिगआय. मोठे असले की लांबूनच ओळखू येतात. लहान, मीटरभराचे असले की जुळ्या भावांसारखे. शिवा म्हणून तमिळनाडूचा एक आहे, तो मासा साफ करून बाजूला सरकवतो. येलोफिन डावीकडे, बिगआय उजवीकडे. लहानांचा लोंढा आला की मला मान वर करायला फुरसत नसते, त्याच्या ढिगांवरून पटापट लिहिते. त्याच्यामुळे माझा स्पीड वाढलाय.

पौर्णिमेच्या आसपास दोरी रात्री आणि उथळ सोडतात, तेव्हा तलवार मासा मिळतो. आत्या, तो पाण्यातून वर येतो ना, तेव्हा त्याचा रंग आधी तांब्याच्या नव्या हंड्यासारखा, मग जांभळा, मग मोरपंखी. मी बघत असतानाच तो रंग शेपटीकडून सरकत गेला आणि डोळ्याभोवती थोडा वेळ राहिला. डोळा मोसंबीएवढा. आणि मग सगळं शिशासारखं करडं. मी पट्टी हातात धरून तशीच उभी. कप्तान ओरडला तेव्हा भानावर आले.

तेवीस माणसांना संडास एक आणि त्याच्या दाराला कडी नाही. मी गळाच्या दोरीचा जुना तुकडा मागून घेतला, आतून मुठीला बांधते. टोक फटीतून बाहेर दिसलं की मॅडम आत आहे, हे सगळ्यांना कळतं. प्रॉब्लेम खतम.

ही फेरी चाचणीची आहे, तुला माहीत आहेच. २० एप्रिलला तक्ते मला निरीक्षक म्हणून पाठवणाऱ्या संस्थेकडे जातील. ते पास झाले तर नोकरी पक्की. पहिल्या दिवसांचे आकडे खाली देते. बघशील? तू बघितलेस की मला टेन्शन नाही.

तुझी,
अक्षता


नेरुळ,
१६ मार्च

चि. अक्षतास,
आशीर्वाद.

बेरजा तपासल्या, बरोबर आहेत. ४ मार्चला दोन लांब्या सेंटिमीटरऐवजी मिलिमीटरमध्ये लिहिल्या आहेस, त्या सुधार. तलवार माशाच्या रंगावर एवढं लिहिलंस आणि त्याची लांबी लिहायची राहिली.

दोरीचं वाचलं.

१९८७ साली आमच्या सर्वेक्षण जहाजावर वीस दिवसांसाठी माझी निवड झाली होती. बॅग भरून तयार होती. तीन दिवस आधी लेखी आदेश आला की महिला कर्मचाऱ्यांसाठी जहाजावर स्वतंत्र सोय नसल्यामुळे निवड रद्द करण्यात येत आहे. माझ्या जागी बाबासो गेला. कोल्हापूरकडचा, भाऊच्या धक्क्यावर नुसता उभा राहिला तरी त्याला मळमळायचं. तो परत येताना तलवार माशाची तलवार घेऊन आला आणि टेबलावरचे कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवू लागला. त्याचं टेबल माझ्या समोर होतं. तो निवृत्त झाला तेव्हा ती तिथेच सोडून गेला, आणि मी निवृत्त होईपर्यंत ती तिथेच होती.

तो आदेश माझ्या कपाटात आहे. आज काढून पुन्हा वाचला. त्यात दोरीचा उल्लेख नाही.

आकड्यांबद्दल आणखी काही सांगण्यासारखं नाही.

वेणू आत्या


(त्याच दिवशीचं. लिहून झालं, पण पाठवलं नाही.)

१६ मार्च

अक्षता,

एक गोष्ट सांगायची राहिली. तुझ्या तक्त्यात सातव्या, आठव्या, नवव्या गळावर एक्केचाळीस लहान येलोफिन आहेत. तीनशे मीटरवर पाणी थंड असतं. एवढ्या खोल येलोफिन एखाददुसरा येतो. तिथे राहतो तो बिगआय. शिवाचे ढीग प्रजातीचे नसावेत. मोठे मासे तो प्रकाराप्रमाणे लावत असेल, पण लहान सगळे एकाच खणात गोठवत असतील, म्हणून सगळे डावीकडे सरकवत असेल. तू ढीग बघून नाव लिहिते आहेस. संस्थेतल्या कोणत्याही मुरलेल्या माणसाला हे लगेच दिसेल आणि तुझे तक्ते परत येतील. मला पाचव्या मिनिटाला दिसलं.

एवढं लिहून मी उठले आणि चहा केला. चहा पिताना जे मनात आलं ते लिहून ठेवते. समुद्र तिला मिळाला. माशाचा रंग जाताना तिने पाहिला. तिचं नाव जिन्यात घेतात. ही चूक मात्र मला दिसली, तिला दिसली नाही. एवढं थोडे दिवस माझ्याकडे राहू दे.


हिंदी महासागर, ९ अंश दक्षिण
रविवार, ६ एप्रिल

आत्या,
जय भीम.

तीन रविवार गेले, सॉरी. जहाजाचा मेल बंद पडला होता.

"आणखी काही सांगण्यासारखं नाही" हे तुझं वाक्य मी चार वेळा वाचलं. बारावीला मला ब्याण्णव टक्के मिळाले तेव्हा तू "आठ कुठे गेले" विचारलं होतंस. म्हणजे हे शंभरपैकी शंभरच झाले. कप्तानाने विचारलं, तुझे तक्ते कोण तपासतं? म्हटलं, माझी आत्या. तर म्हणतो, जुनी कप्तान आहे का? मी हो म्हणून टाकलं. आता तो तुझ्याबद्दल आदराने बोलतो.

ते १९८७ चं मला माहीत नव्हतं. पप्पांनाही नसेल. मी कडीचं गंमत म्हणून लिहिलं होतं.

तलवार मासा: २१४ सेंटिमीटर, खालच्या जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत, तलवार सोडून. विसरले नव्हते. तुला आधी रंग सांगायचा होता, कारण लांबी तुला कोणीही सांगेल.

लहान येलोफिन आता एकशे सोळा झाले. पद्धत तीच ठेवलीय, तू पास केलीस म्हटल्यावर बदलायची कशाला? वीस तारखेला तक्ते गेले की त्यात काही बदलता येत नाही, म्हणून आता फक्त बेरजा पुन्हा तपासतेय.

पप्पांनी कळवलं की १४ एप्रिलला विहारात माझा सत्कार ठेवलाय. मी तिथे नसणार म्हणून तो तुझ्या हाती देणार आहेत. घेशील ना?

अक्षता


नेरुळ,
मंगळवार, १५ एप्रिल

विषय: तक्ते पाठवण्याआधी हे वाच

अक्षता,

आज मंगळवार. हे तुला रविवारी मिळेल, म्हणजे तक्ते जायच्या दिवशी. म्हणून आधी कामाचं.

तुझे लहान येलोफिन बहुतेक बिगआय आहेत. ढिगावर जाऊ नकोस. शिवा पोट फाडतो तिथे जाऊन उभी राहा आणि यकृत बघ. कोळणी ज्याला काळीज म्हणतात तेच. खालच्या बाजूला कडेने बारीक रेषा असतील, फणीच्या दातांसारख्या, तर बिगआय. गुळगुळीत असेल आणि उजवी पाकळी लांब असेल, तर येलोफिन. शंका आली तर लिही की शंका आहे. मी संस्थेला फोन केलेला नाही. हे तुझ्याकडून गेलं पाहिजे.

आता बाकीचं. ही चूक मला १६ मार्चलाच दिसली होती. तेव्हा लिहिलेलं पत्र खाली जोडते आहे, एक शब्द बदललेला नाही. ते वाचलंस की तुला विचारण्यासारखं काही उरणार नाही.

काल विहारात पांढरी साडी नेसून गेले. मंचावर बसवलं. सूत्रसंचालन मंडळाच्या अश्विनकडे होतं. तो म्हणाला, "अक्षताताईचे समुद्रातले आकडे आपल्या वेणूआत्या इथे नेरुळात बसून तपासतात. आत्यांच्या नजरेतून आजवर एक चूक सुटलेली नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "ह्या गेल्या असत्या ना, तर कॅप्टनला पन रांगेत उभं केलं असतं." सगळ्या हसल्या. मला संविधानाची प्रत आणि फुलं दिली. पहिल्यांदा कोणी माझ्या कामाचं चारचौघांत नाव घेतलं, आणि नेमकं तेच काम मी केलेलं नव्हतं.

आज सकाळी दिवाळे गावच्या मासळी बाजारात गेले. काळजावरच्या रेषांबद्दल मी अडतीस वर्षं पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. तुला लिहायचं तर आधी बघायला हवं. एका कोळणीकडे छोटा कुपा होता.

मी म्हटलं, "पोट फाडून काळीज तेवढं नीट काढून दे."

"काळीज? आनि मासा?"

"मासा नंतर. मला काळीज बघायचंय."

"बघायचंय? शिजवायचं नाय?" तिने शेजारणीकडे पाहिलं. "बाय मास्तरीन हाय का गो?"

"सरकारी कचेरीत होते."

"मंग बराबर हाय. कागदावानी उलटं-पालटं करून बघतंय."

येलोफिन होता. गुळगुळीत, उजवी पाकळी लांब. पुस्तकात होतं तसंच. मी, बासष्ट वर्षांची बाई, बाजारात हातावर काळीज घेऊन उभी होते आणि मला तुझा एवढा हेवा वाटला की कोळणीला पैसे द्यायचे राहिले. तिने मागून हाक मारली.

माझ्याकडून चूक झाली, असं मी तुला म्हणणार नाही. चूक तुझी होती. मी जे केलं त्याला दुसरं नाव आहे.

वेणू


नेरुळ,
२७ एप्रिल

अक्षता,
मेल पोचला का? एवढंच कळव.

आत्या


पोर्ट लुई,
११ मे

आत्या,

पोचला. वीस तारखेला तक्ते जोडून झाले होते. पाठवणार तेवढ्यात तुझा विषय दिसला.

तुला आधी कामाचं लागतं, तर घे. संस्थेकडून एक दिवस मागून घेतला आणि सोमवारी शिवाच्या शेजारी उभी राहिले. लहान अकरा आले, त्यांतल्या आठांच्या काळजावर रेषा होत्या. शिवाला विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, बडा हो तो जात देखता है. छोटे का ढेर वजन का है. बीस किलो के नीचे सब एक खाने में. आपने पूछा कब?" खरंच, मी विचारलं कधी? आधीचे, तोवर एकशे बावन्न झालेले, गोठून तळाला गेले होते, त्यांची पोटं रिकामी. मी त्या प्रत्येक ओळीसमोर "प्रजाती खात्रीची नाही" असं लिहिलं आणि कारण लिहिलं. एकशे बावन्न वेळा. संस्थेने कळवलं की चूक स्वतः सांगितली म्हणून घरी पाठवत नाही, पण ही फेरी धरणार नाही. पुन्हा चाचणी. परवा दुसऱ्या जहाजावर निघतोय, आणखी दोन महिने. पप्पांना मी सांगितलंय की कामच लांबलं. तूही तेवढंच सांग.

आता माझं. तू पाठवलेलं १६ मार्चचं पत्र मी डेकवर बसून वाचलं. शिवाने विचारलं, घरी कोणी गेलं का? मी नाही म्हटलं. मी लहान असताना तू मला मांडीवर बसवून भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवायला सांगायचीस आणि म्हणायचीस, इथे पाणी चार हजार मीटर. मी इथे आले ती त्या बोटामुळे. मला वाटायचं, मी जाते आहे म्हणजे आपण दोघी जातो आहोत. आणि तू तिकडे बसून माझी एक चूक जपून ठेवत होतीस, पाच आठवडे.

बाबासोचा राग तू बाबासोवर काढायचा होतास. मी जन्मलेही नव्हते.

फॉर्मवर एक रकाना असतो, चूक कोणाच्या लक्षात आली. तिथे मी तुझं नाव लिहिलं. खरं होतं म्हणून लिहिलं, प्रेमाने नाही.

एक वस्तू पोस्टाने पाठवलीय. पहिल्या जहाजावरची आहे. तुला हेवा करायचाच असेल तर नीट मोजून कर.

आता पुढचं नीट वाच. या फेरीचे आकडे तुला पाठवीन, पण मासा कोणता तो रकाना कोरा ठेवून. गळाचा क्रमांक, खोली आणि लांबी देईन. नाव तू भरायचं आणि परत पाठवायचं. मग मी काळीज बघून लिहिलेलं माझं त्याच्याशी ताडून बघीन. तुला काही दिसलं तर ते आता तुझ्याकडे राहणार नाही.

अक्षता


नेरुळ,
रविवार, १५ जून

चि. अक्षतास,
जय भीम.

पाकीट गुरुवारी आलं. संडासाच्या दाराची तुझी दोरी मोजली. एक मीटर बारा सेंटिमीटर, दोन्ही टोकांना गाठ, एका गाठीत मिठाचे कण. सुरुवातीला वाटलं, तू मला मारायला पाठवलीस. मग १९८७ चा आदेश काढला, घडी करून त्या दोरीने बांधला आणि कपाटात परत ठेवला. एक मीटर बारा. एवढीच लागली असती.

अंकुशला तू म्हणालीस तेवढंच सांगितलं होतं. पण काल त्याने जिन्यात पुन्हा "पहिली बाई" सुरू केलं, तेव्हा मी त्याला घरात बोलावून दार लावलं आणि सगळं सांगितलं. तुझं नाही, माझं, १९८७ पासूनचं. तो खुर्ची ओढून बसला. मग म्हणाला, "ताई, तुझी बॅग मीच उतरवली होती माळ्यावरून. परत चढवली पण मीच. तू एक शब्द बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं तुलाच जायचं नव्हतं." माझा भाऊ अडतीस वर्षं हेच समजत होता. मीही तेव्हा रकाना कोराच ठेवला होता.

तुझी परवानगी न घेता सांगितलं. रागव.

हेवा गेला असं लिहिणार नाही, कारण तू मोजून बघशील. तुझा तक्ता उघडला की आधी तोच वर येतो. मी त्याला येऊ देते आणि मग काम करते.

आठवड्याच्या तक्त्यात त्र्याहत्तर ओळी होत्या. एकाहत्तर भरल्या आहेत. वरच्या गळांवरचे येलोफिन, मधल्यांवरचे बिगआय, चंद्राच्या रात्रींत उथळ पाण्यातले सहा लांब ते तलवार मासे. कारणं शेजारी दिली आहेत. ओळ एकोणतीस आणि ओळ चौपन्न मी कोऱ्या ठेवल्या आहेत. पाचवा गळ, मध्यम खोली, लांबी एक मीटर. आकड्यांवरून तो कोणताही असू शकतो. इथे बसून सांगता येत नाही.

तिथे तू जे लिहिलं असशील तेच खरं. तू पाहिलं आहेस.

तुझी आत्या,
वेणू

ता. क. त्या सहांपैकी एकाचा तरी रंग लिहायचा होतास. लांबी मिळाली.